माहेर नसलेली गाडी

गणपतीत आम्ही बर्मिंगहॅम आणि आसपासची मराठी मंडळी एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन जमतो. आरती साडेसहाला असते, पण खरा समारंभ त्याआधी अर्धा तास बाहेर, गाड्या लावायच्या जागेत सुरू होतो. कोणाची नवीकोरी विजेवर चालणारी, कोणाची जर्मन, कोणाची किल्ली खिशात ठेवून नुसतं जवळ गेलं तरी कुलूप उघडणारी. त्या रांगेच्या शेवटी, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, एक गडद हिरवी, गोल दिव्यांची, दारांवर क्रोमच्या पट्ट्या असलेली गाडी उभी असते. ती आमची. २००३ सालची रोव्हर ७५. दरवर्षी कोणीतरी हातात मोदकाची डिश घेऊन तिच्यापाशी थांबतं आणि विचारतं, ‘‘अजून हीच का?’’

या ‘अजून’मध्ये बरंच काही असतं. थोडी काळजी असते, थोडी कीव असते, आणि ‘याचं नोकरीत बरं चाललंय ना?’ हा न विचारलेला प्रश्नही असतो. सौ. पूर्वी अशा वेळी ‘नवी बघतोय’ असं सांगून वेळ मारून न्यायची. गेल्या चार-पाच वर्षांत तिने तेही सोडून दिलं आहे.

मी पेशाने हिशेबनीस. ब्रॉम्सग्रोव्ह नावाच्या गावात एका लहानशा कंपनीचे जमाखर्च सांभाळतो. राहतो बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, नॉर्थफील्डमध्ये. २०१४ साली आमची आधीची गाडी मोडीत निघाली तेव्हा घराचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते, मुलगी नऊ वर्षांची होती आणि गाडीसाठी बाजूला काढलेले पैसे होते हजार पौंड. हजार पौंडात इथे काय मिळतं? मोठ्या मागणीच्या लहान गाड्या मिळतात, पण पार पिचलेल्या. चार मालकांच्या हातून गेलेल्या, सीटवर सिगारेटची भोकं पडलेल्या. अशा आठ-दहा पाहून झाल्यावर, पलीकडच्या उपनगरातल्या एका आजींकडे ही रोव्हर विकायला असल्याचं कळलं. यजमान वारले होते, आजींना गाडी येत नव्हती. ८७ हजार मैल, म्हणजे साधारण एक लाख चाळीस हजार किलोमीटर चाललेली. आत कातड्याच्या सीट, समोरच्या फळीवर अक्रोडाच्या लाकडाची चकाकती पट्टी, आणि घड्याळासारख्या मोत्या रंगाच्या तबकड्या. पण मी विरघळलो तो त्यामुळे नाही. आजींनी कपाटातून एक फाइल काढली. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती, तारीखवार, भोकं पाडून लावलेली. हिशेबनिसाच्या आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत. नऊशे पौंडांत सौदा झाला.

घरी आल्यावर मात्र मला प्रश्न पडला, की इतकी ऐसपैस, इतकी निगुतीने सांभाळलेली गाडी एवढ्या स्वस्तात का? तेवढ्याच वयाची, त्याच मापाची जर्मन गाडी तेव्हा दुपटी-तिपटीने जात होती. गंमत अशी, की आमच्या रोव्हरचं डिझेल इंजिनही बीएमडब्ल्यूच्याच घराण्यातलं आहे. म्हणजे माल तोच, फक्त पाटी वेगळी.

उत्तर त्या पाटीतच होतं. एके काळी रोव्हर ही इंग्लंडात डॉक्टर, बँक मॅनेजर आणि मंत्र्यांची गाडी होती. १९७९ साली मार्गारेट थॅचर पंतप्रधान होऊन डाउनिंग स्ट्रीटवर उतरल्या त्या रोव्हरमधूनच, आणि खुद्द राणीसाहेबांकडेही एक रोव्हर होती. पण मंत्र्यांची गाडी हळूहळू निवृत्त मंत्र्यांची गाडी झाली आणि मग नुसतीच निवृत्तांची. आमची ७५ बाजारात आली तेव्हाही बऱ्याच लोकांना ती जुन्या वळणाची वाटली. रिचर्ड वूली या डिझाइनरने ती मुद्दामच जुन्या रोव्हरच्या तोंडवळ्याची काढली होती. इथे अशा गाडीला म्हाताऱ्याच्या सपाता आणि चिरुटाच्या नळीच्या पंक्तीला बसवतात. आपल्याकडे काळी टोपी आणि धोतर जसं एकाएकी ‘आजोबांचं’ झालं, तसंच.

आणि दुसरं कारण जास्त दुःखद आहे. या गाडीला माहेर उरलेलं नाही.

ती कथा थोडक्यात सांगतो, कारण इथल्या लोकांना ती पाठ आहे आणि तरी ती निघाली की दरवेळी आवाज चढतात. जर्मन बीएमडब्ल्यूने १९९४ साली रोव्हर विकत घेतली. ७५ चं अनावरण ऑक्टोबर १९९८ मध्ये बर्मिंगहॅमच्या मोटार प्रदर्शनात झालं. गाडीचं कौतुक व्हायचं त्या दिवशी कंपनीच्या अध्यक्षांनी लाँगब्रिजच्या कारखान्याच्या भवितव्याबद्दलच शंका व्यक्त केली. नव्या नवरीला मंडपातच ‘हे लग्न टिकेलसं वाटत नाही’ म्हणावं, तशातली गत. २००० साली बीएमडब्ल्यूने काडीमोड घेतला आणि रोव्हर गाड्यांचा कारभार स्थानिक व्यावसायिकांच्या एका गटाला नाममात्र दहा पौंडांना देऊन टाकला. एमजी रोव्हर या नावाने तो पाच वर्षं कसाबसा चालला. चीनच्या शांघाय ऑटोमोटिव्हबरोबरची बोलणी फिसकटली आणि एप्रिल २००५ मध्ये लाँगब्रिजचा पट्टा थांबला. सहा हजारांवर माणसं घरी गेली.

मी त्याच वर्षी जानेवारीत पुण्याहून इथे आलो होतो. नवी नोकरी, भाड्याची खोली, बायको बाळंतपणाला माहेरी. रोज बस ए-३८ रस्त्याने कारखान्यावरून जाई. त्या आठवड्यात फाटकाबाहेर लोकांचे घोळके दिसायचे. काही जण कामाच्याच कपड्यांत, हातात पिशव्या. बसमधलं कोणी बोलत नव्हतं. मला तेव्हा त्यातलं फारसं काही कळलं नाही. गिरण्यांच्या संपाच्या वेळी मी लहान होतो, पण लालबागला राहणाऱ्या आत्याच्या घरी त्या वर्षी दिवाळीला गेल्यावर जी शांतता होती, ती एकदम आठवली एवढं खरं.

तर अशी ही बिनमाहेरची गाडी. कारखाना नाही, कंपनी नाही, तक्रार करायला कोणी नाही. मग ती चालते कशावर?

काही सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांवर, काही या गाड्यांवर जीव असलेल्या मालकांच्या मंडळांवर, आणि बरीचशी भंगाराच्या यार्डांवर. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरलेल्या माणसाला ती दुनिया परकी वाटणार नाही. फरक इतकाच, की इथे चिखलाचे बूट घालून, स्वतःचे पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन जायचं, स्वतःच गाडीतून हवा तो भाग काढायचा आणि फाटकावर पैसे द्यायचे. पूर्वी मला एका फेरीत दोन-तीन रोव्हर दिसत. आता सहा महिन्यांत एखादी दिसते. ती दिसली की आनंद होतो आणि लगेच थोडं ओशाळायलाही होतं, कारण आपली गाडी जगणार ती हिच्या अवयवांवर.

गॅरेजवाला आमचा उस्ताद. त्याचे वडील मिरपूरहून आले, तो इथलाच. आमचं संभाषण हिंदी, उर्दू, पंजाबी आणि ब्रमी इंग्रजी यांच्या खिचडीत चालतं. गाडी घेतली त्या आठवड्यात त्याने बॉनेट उघडलं, इंजिनाकडे पाहिलंही नाही, काचेखालच्या पन्हळीत दोन बोटं घातली आणि कुजक्या पानांचा काळा लगदा काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, ‘‘भाईसाब, इंजन नहीं मारेगा इस को. पत्ते मारेंगे.’’

या पानांबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण ही गाडी सांभाळण्याचं अर्धं शास्त्र त्यात आहे. समोरच्या काचेच्या तळाशी, बॉनेटच्या मागे एक खोलगट जागा आहे. पावसाचं पाणी काचेवरून ओघळून तिथे जमतं आणि दोन बाजूंच्या दोन भोकांतून खाली जमिनीवर पडतं. आपल्या कौलारू घराची पन्हळ असते तसंच. भोकं बुजली की तिथे तळं साचतं. आणि इंजिनाला किती डिझेल कधी द्यायचं हे ठरवणारी संगणकाची पेटी, म्हणजे गाडीचा मेंदू, नेमकी त्याच खोलगटात बसवलेली आहे. पाणी पेटीत शिरलं की कारभार आटोपला. कितीतरी चांगल्या, ठणठणीत रोव्हर अशा मूठभर पानांपायी भंगारात गेल्या आहेत.

उस्तादने सांगितलेलं मी तीन वर्षं पाळलं. चौथ्या वर्षी, २०१७ च्या नोव्हेंबरात, मला आळस नडला. आमच्या दारापुढे एक मोठं लिंडनचं झाड आहे. आठवडाभर पाऊस, त्यात पानगळ, आणि मी रविवारी बॉनेट न उघडता वर्तमानपत्र उघडून बसलो. मंगळवारी सकाळी गाडी सुरू होईना. उस्तादने पेटी उघडली तर आत शब्दशः चमचाभर पाणी. दोष गाडीचा नव्हता, झाडाचाही नव्हता. त्याने ती पेटी हीटरवर तीन दिवस वाळवली, टोकं ब्रशने घासली, आणि चौथ्या दिवशी गाडी खोकत खोकत जिवंत झाली. बिल झालं साठ पौंड. बोलणी खाल्ली ती वेगळी.

याच सुमारास शेजारचे आजोबा आमच्या आयुष्यात नीट आले. म्हणजे ओळख होतीच, ‘हवा बरी आहे’ इतपत. पण आमच्याकडे रोव्हर आल्यापासून ते जाता-येता तिच्याकडे बघत. बंद पडली त्या दिवशी ते कुंपणापाशी आले, म्हणाले, ‘‘आत पाणी गेलं ना?’’ मी चकित झालो. मग कळलं, की हे सोळाव्या वर्षी लाँगब्रिजला लागले ते १९६६ साली, आणि बाहेर पडले ते २००५ च्या एप्रिलमध्ये. मधल्या एकोणचाळीस वर्षांत कंपनीचं नाव किती वेळा बदललं, मालक किती झाले, हे ते बोटांवर मोजून सांगतात. लेलँड, सरकार, एरोस्पेसवाले, जर्मन. ‘‘पाट्या बदलल्या, फाटक तेच होतं,’’ म्हणतात. शेवटची पाच वर्षं ते ७५ च्या पट्ट्यावर होते. दारं बसवायच्या टप्प्यावर.

माझ्या मुलीने लगेच विचारलं, ‘‘म्हणजे आमच्या गाडीची दारं तुम्ही लावलीत?’’ ती तेव्हा बारा वर्षांची. आजोबांनी हो म्हटलं असतं तर केवढी छान गोष्ट झाली असती. पण ते म्हणाले, ‘‘माहीत नाही, बेटा. त्या वर्षी दोन पाळ्या होत्या, आणि मी कमरेच्या दुखण्याने बराच काळ घरी होतो.’’ मग त्यांनी दाराची आणि मागच्या पत्र्याची फट अंगठ्याने वरपासून खालपर्यंत चाचपली आणि म्हणाले, ‘‘ज्याने कोणी लावलं, त्याने घाई केलेली नाही.’’

तेव्हापासून दर रविवारी ते येतात. चहा आमच्याकडचा, आलं घातलेला. घरात त्यांचं नाव ‘शेजारआजोबा’ असं पडलंय. त्यांच्याकडूनच मला कळलं, की ७५ चा जन्म मुळात लाँगब्रिजचा नव्हेच. पहिली दीड-एक वर्षं ती ऑक्सफर्डजवळच्या काउली इथे बनत होती. बीएमडब्ल्यूने कंपनी सोडताना काउली आणि नवी मिनी स्वतःकडे ठेवली, तेव्हा ७५ ची यंत्रसामग्री उचलून लाँगब्रिजला आणली गेली.

काउली हे नाव ऐकलं आणि मला सांगलीचा मामांचा वाडा आठवला. कारण मॉरिसचा कारखाना काउलीचा, आणि तिथल्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीची तिसरी आवृत्ती म्हणजेच आपली अॅम्बॅसेडर. तिचे साचे इंग्लंडातून बंगालच्या उत्तरपाड्याला गेले, १९५७-५८ पासून तिथे अॅम्बॅसेडर निघू लागली आणि मे २०१४ पर्यंत निघत राहिली. ज्या वर्षी मी रोव्हर घेतली, त्याच वर्षी तीही थांबली. मामांची पांढरी अॅम्बॅसेडर आठ माणसं, दोन ट्रंका आणि कैऱ्यांचं पोतं घेऊन नरसोबाच्या वाडीला जायची. दर रविवारी मामा बनियनवर बॉनेटमध्ये डोकं घालून उभे असत आणि मामी आतून ओरडत, ‘‘अहो, तिला जेवायलाही घाला आता!’’ आता माझी सौ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जे बोलते ते याहून फार निराळं नसतं. पण मामांचं एक बरं होतं. त्यांच्या गाडीचा भाग मिरजेत नाही मिळाला तर जतला मिळे, आणि नाहीच मिळाला तर लोहार बनवून देई.

पुण्याचंही एक नातं यात आहे. २००३ ते २००५ या काळात आपल्या पिंपरीत बनलेली टाटांची इंडिका ‘सिटीरोव्हर’ नावाने ब्रिटनमध्ये विकली गेली. समोर रोव्हरचं गलबताचं चिन्ह, बाकी आपली इंडिका! ती फार काही चालली नाही. पुढे रोव्हर हे नाव बीएमडब्ल्यूकडून फोर्डकडे गेलं आणि २००८ साली टाटांनी जग्वार लँड रोव्हर घेतली तेव्हा त्यासोबत तेही टाटांकडे आलं. ‘‘आता मालक तुमचेच,’’ असं म्हणून शेजारआजोबा मला डोळा मारतात. ७५ चं डिझाइन मात्र चीनमध्ये गेलं आणि तिथे ‘रोवे’ नावाने काही वर्षं नांदलं. लाँगब्रिजच्या जागेवर आता घरं आहेत, कॉलेज आहे, मोठी दुकानं आहेत. आजोबा किराणा तिथूनच आणतात. भाजीच्या ट्रॉल्या जिथे ठेवतात, तिथे पूर्वी काय होतं ते मला एकदा त्यांनी सांगितलं होतं. मी ते विसरलो, याची मला लाज वाटते.

आता थोडा हिशेब. (ते केल्याशिवाय मला झोप लागत नाही.) अकरा वर्षांत गाडीची किंमत नऊशे, दुरुस्ती, टायर, वार्षिक तपासणी सगळं मिळून पाच हजार दोनशे. एकूण सहा हजार शंभर. म्हणजे वर्षाला साडेपाचशे पौंडांच्या आसपास. डिझेल, विमा आणि रस्त्याचा कर मी धरत नाही, तो कोणालाच चुकलेला नाही. डिझेलही माफक पिते, लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर देते. ऑफिसातल्या माझ्या एका तरुण सहकाऱ्याचा नव्या गाडीचा हप्ता महिन्याला तीनशे वीस पौंड आहे, आणि तीन वर्षांनी गाडी परत करायची. त्याच्या दोन महिन्यांत माझं वर्ष निघतं. या हिशेबाने मी कित्येक वर्षं सगळ्यांची तोंडं बंद केली. घरच्या एका व्यक्तीचं सोडून.

ती व्यक्ती म्हणजे आमची कन्या. आता वीस वर्षांची आहे, परिचारिकेचं शिक्षण घेते आहे. गेल्या हिवाळ्यात तिची नेमणूक लहान मुलांच्या कक्षात होती. एका रात्री बारा तासांची पाळी करून आली, बूटही काढले नाहीत, आणि म्हणाली, ‘‘बाबा, दम्याच्या झटक्यात मूल कसं श्वास घेतं, तुम्ही पाहिलंय? बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते.’’ मी काहीच बोललो नाही. ती पुढे म्हणाली, ‘‘आपली गाडी काढा आता.’’

तिचं चुकत नव्हतं. बर्मिंगहॅमने जून २०२१ पासून शहराच्या मध्यभागी ‘स्वच्छ हवा क्षेत्र’ केलं आहे. आमच्या गाडीसारखं जुनं डिझेल आत शिरलं की दिवसाला आठ पौंड. आम्ही सोहो रोडला किराण्याला जातो तेव्हा त्या क्षेत्राला वळसा घालणाऱ्या रिंगरोडने जातो, कारण तो रस्ता हद्दीत धरत नाहीत. पैसे वाचतात. पण धूर काही हद्द ओळखत नाही. आमची गाडी निघाली त्या काळात डिझेलच्या नळकांड्यात काजळी अडवणारी जाळी घालायची पद्धत नव्हती. नायट्रोजनचे वायूही आजच्या गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त. यावर माझ्याकडे एक तयार उत्तर होतं, की नवी गाडी घडवताना पोलाद, काच, बॅटरी यांपायी कारखान्यात केवढा तरी धूर निघतो. आहे तीच चालवणं बरं. उत्तर खोटं नाही. पण तो धूर हवामानाच्या हिशेबातला, आणि मुलगी बोलत होती ती एका शाळेच्या फाटकाबाहेरच्या हवेबद्दल. ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एका खात्यातली शिल्लक दुसऱ्यात दाखवू नये हे हिशेबनिसाला कोणी सांगायला नको.

इथे एक विचित्र नियमही आहे. गाडी चाळीस वर्षांची झाली की ती ‘ऐतिहासिक’ ठरू शकते, मग कर माफ, त्या आठ पौंडांतूनही सुटका. म्हणजे २०४४ साली आमची रोव्हर, धूर तेवढाच सोडत, सन्मानाने शहरात शिरेल. मी हे विनोद म्हणून सांगितलं. मुलगी हसली नाही.

यंदा मार्चमध्ये वार्षिक तपासणी आली. इथे तीन वर्षांहून जुन्या बहुतेक गाड्यांना दरवर्षी ती परीक्षा द्यावीच लागते, आणि गाडी नापास झाली की रस्त्यावर आणता येत नाही. आमची नापास झाली. पुढची एक स्प्रिंग तुटलेली, ब्रेकच्या नळ्या गंजलेल्या, मागच्या बाजूला खालचा पत्रा बोटाने दाबला तर आत जाणारा. इथे थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात, ते वीस-बावीस वर्षं खाल्ल्यावर लोखंडाचं दुसरं काय होणार? उस्तादने कागदावर आकडा लिहून उलटा करून माझ्यासमोर सरकवला. चारशे तीस पौंड. गाडीची बाजारातली किंमत फार तर पाचशे. भंगारवाला अडीचशे द्यायला तयार होता, आणि येऊन घेऊन जाणार होता.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं गेलं. सौ.ने मला आश्चर्याचा धक्का दिला. ती म्हणाली, ‘‘मला तिच्यातच बसायला बरं वाटतं, गुडघे दुखत नाहीत.’’ मुलगी गप्प होती. मग तिनेच विचारलं, ‘‘तुम्हाला रोज ऑफिसला गाडी लागतेच का?’’ नॉर्थफील्डहून ब्रॉम्सग्रोव्हला आगगाडी जाते. स्टेशन घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. हे मला अकरा वर्षं माहीत होतं. पण गाडी दारात होती, आणि हिशेबाने स्वस्त होती, म्हणून मी तो प्रश्न कधी विचारलाच नव्हता.

चारशे तीस पौंड दिले. पत्रा जोडला, नळ्या बदलल्या, स्प्रिंग दोन्ही बाजूंच्या टाकल्या. आणि एप्रिलपासून आठवड्यातले चार दिवस मी आगगाडीने जातो. शुक्रवारी गाडी, त्या दिवशी संध्याकाळी किराणा असतो आणि शेजारआजोबांना त्यांच्या बहिणीकडे सोडायचं असतं. त्यांना आता नीट दिसत नाही, त्यांनी स्वतःची गाडी दोन वर्षांपूर्वी विकली. मुलगी म्हणते ही तडजोड आहे. मी म्हणतो, हो. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा परीक्षा आहे, तेव्हा पुन्हा बोलू असं ठरलंय. आगगाडीचा पास वर्षाच्या हिशेबात धरला तर माझा तो साडेपाचशेचा आकडा कोलमडतो, हेही नोंदवून ठेवतो.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पानं काढायचा दिवस होता. आजोबा काठी टेकत आले, खुर्ची मागितली आणि बॉनेटसमोर बसून सूचना देऊ लागले. मी वायपर सोडवले, प्लॅस्टिकची झाकणी उचलली, लिंडनची पानं मुठी-मुठीने बादलीत टाकली. डावीकडचं भोक दिसत नव्हतं. एवढ्यात मुलगी रात्रपाळीहून आली. आम्हाला बघून दारात थांबली, मग बॅग पायरीवर ठेवून आली आणि माझ्या हातातली विजेरी घेऊन तिने खाली उजेड धरला. मी तार घालून भोक मोकळं केलं. आजोबा म्हणाले, ‘‘आता पाणी.’’ सौ.ने खिडकीतून तांब्या दिला. मी काचेच्या तळाशी हळूहळू पाणी ओतलं, आणि आम्ही चौघं बोलायचं थांबून, गाडीखाली फरशीवर धार पडते का ते ऐकत उभे राहिलो.